कौसामावशीची दुपारची झोप

आमच्या आईचं एक फूल हरवलं होतं, आणि ते कोणत्या रंगाचं होतं याबद्दल घरात तीन मतं होती. आईच्या मते केशरी. अण्णांच्या मते तांबडं. माझ्या मते पिवळं, निदान घशापाशी तरी. फुलाला घसा असतो हे मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केल्यामुळे खात्रीनं सांगू शकते. परंतु एम.एस्सी.च्या जोरावर घरातला वाद जिंकता येतो असा ज्यांचा समज असेल, त्यांनी शहाद्याला आमच्याकडे एकदा चहाला यावं.

हे फूल पुरुषोत्तमनगरच्या क्वार्टरमागे, मोरीचं पाणी जिथून बाहेर पडायचं तिथे फुलायचं. अण्णा साखर कारखान्याच्या ऊस विकास विभागात होते. गाळप सुरू झालं की आमच्या ओळीत मळीचा वास भरायचा, वाळत घातलेल्या कपड्यांवर चिमणीतून काळी कुसळं येऊन बसायची आणि भोंग्यावर सगळ्यांच्या घरचा स्वयंपाक चालायचा. गाळप संपलं की सगळं शांत व्हायचं, आणि त्या शांततेत आईची लिली फुलायला लागायची. शास्त्राप्रमाणे ती लिली नव्हेच. ती डेलिली. लिलीशी तिचं नातं आमचं आणि धुळ्याच्या कोणा आडनावबंधूचं असावं तेवढंच. तिचं फूल सकाळी उमलतं आणि संध्याकाळी संपतं, दुसऱ्या दिवशी दुसरी कळी उमलते. आई सकाळी भांडी घासायला मागे बसली की आधी फुलं मोजायची आणि भिंतीपलीकडे सांगायची, "कौसाबाई, आज चार शेतस."

पलीकडून कौसामावशी म्हणायच्या, "मन्हा मोगराले बी चारच शेतस."

मोगऱ्याला चाळीस असली तरी त्या चारच सांगत. याला शेजारधर्म म्हणतात.

झाडांच्या बाबतीत आमच्या ओळीचा एक कायदा होता. रोप मागायचं नाही आणि द्यायचंही नाही. मागून आणलेलं रोप लागत नाही, चोरून आणलेलंच लागतं. पण ही चोरी अंधारात करायची नसे. चोरणारीनं दिवसाढवळ्या यायचं, मालकिणीनं पाहून न पाहिल्यासारखं करायचं, आणि नंतर त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. आभार तर मुळीच मानायचे नाहीत, आभारानं रोप वाळतं. आमचा कढीपत्ता स्टोअरकीपरच्या अंगणातून आलेला, त्यांचा गवती चहा आमच्या. सगळी ओळ हिरवीगार होती आणि तिच्यात एकही रोप सरळ मार्गानं आलेलं नव्हतं.

बी.एस्सी.ला असताना मी या समजुतीची रीतसर तपासणी केली होती. मोगऱ्याच्या काही काड्या मागून आणल्या, काही चोरल्या, दोन्ही सारख्याच मातीत लावल्या. दोन्ही सारख्याच लागल्या. ही निव्वळ अंधश्रद्धा आहे असा निष्कर्ष मी काढला आणि त्याला बऱ्यापैकी गुण मिळाले. या निष्कर्षानं पुढे माझं जे नुकसान केलं, त्याची ही हकिकत आहे.

मी अकरावीत असताना अण्णा निवृत्त झाले आणि आम्ही शहाद्यात स्वतःच्या घरी आलो. निघताना अण्णांनी लिलीचा गड्डा उपटून युरियाच्या रिकाम्या गोणीत भरला. ती गोणी टेम्पोतून आली, गच्चीवर गेली, आणि ऐन वैशाखात तिथेच राहिली. अण्णांना वाटलं आईनं लावली. आईला वाटलं अण्णांनी लावली. मला वाटलं मोठी माणसं बघतील. वास्तुशांतीची भांडी गच्चीवर ठेवायला आई गेली तेव्हा गोणीत गवताची दोरी व्हावी तशी पानं आणि ढेकळं होती. आई काही बोलली नाही. ती भांडणारी बाई आहे. न बोलणं तिचं नाही, त्यामुळे ते आम्हा दोघांना जास्त लागलं.

तिनं पुन्हा परसात काही लावलं नाही. नव्या घराला मागे ऐसपैस जागा होती, तिथे तिनं फक्त कपडे वाळत घातले. कौसामावशीही वर्षभरात तळोद्याला मुलाकडे गेल्या, नंतर त्यांचे गुडघे गेले, आणि भेटी लग्नाकार्यापुरत्या उरल्या. फोन व्हायचे. पण फोन त्या दोघींना जमायचा नाही. वीस वर्षं भिंतीच्या दोन्ही बाजूंना भांडी घासत बोललेल्या बायका रिकाम्या हातानं काय बोलणार. "बरं शे ना?" "शे." "ठेवू मंग?" एवढ्यात संपायचं.

शिक्षण संपवून मी घरी आले आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करू लागले. म्हणजे इतर सर्व गोष्टींत मला रस वाटू लागला. त्यातच मी ठरवलं की आईची लिली शोधायची आणि पद्धतशीर शोधायची. फोटो कामाचा नव्हता. क्वार्टरमागे काढलेला एकच फोटो आहे, माझ्या शाळेच्या पहिल्या दिवसाचा, आणि त्यात लिली माझ्या दप्तरामागे आहे. दप्तर मात्र अगदी स्पष्ट आलं आहे. तेव्हा उपाय एकच. डेलिलीच्या वेगवेगळ्या जाती आणायच्या, शेजारी शेजारी लावायच्या, फुलल्या की तीन साक्षीदारांसमोर उभ्या करायच्या, आणि जिच्यावर एकमत होईल ती आईची. दिवाळी झाल्यावर मी एका डोंगराळ भागातल्या नर्सरीकडे सात जाती मागवल्या. सनसेट डचेस, लिटल बिशप, मिडनाइट वेल्वेट अशी त्यांची नावं होती. अण्णा म्हणाले, "हाई झाडं शेतस का रेसना घोडा?"

पार्सल शहाद्याऐवजी तळोद्याला गेलं.

मी तळोद्याच्या कुरिअरच्या खोलीत पोचले तेव्हा खोकं काउंटरवर माझ्यासमोर होतं, त्यावर माझं नाव होतं, आणि माझ्या हातात माझं आधार कार्ड होतं. तिथल्या गृहस्थांनी शांतपणे सांगितलं की पत्ता शहाद्याचा आहे, त्यामुळे पार्सल तळोद्यात देता येत नाही.

"मग शहाद्याला पाठवा."

"इथून शहाद्याला गाडी नाही. आधी नंदुरबारला जाईल, मग शहाद्याला."

"पण मी इथेच उभी आहे."

"तुम्ही उभ्या आहात, पण तुमचा पत्ता इथे नाही ना."

मग त्यांनी खोक्यावरची चिठ्ठी वाचली. 'सजीव वस्तू' असं लिहिलं होतं. खोक्यापासून दोन पावलं मागे सरून त्यांनी विचारलं, "हलतं का?" मी म्हटलं, ती झाडं आहेत. त्यांनी खोकं उघडायला लावलं, आतली सुकलेली मुळं आणि बोटभर पानं पाहिली, आणि रजिस्टरमध्ये 'कांदे' असं लिहून, माझी सही घेऊन खोकं देऊन टाकलं. मी सनसेट डचेसकडे पाहिलं नाही. शिक्षण घेताना अपमान गिळायचं शिकवत नाहीत, हा मोठाच दोष आहे.

तळोद्याला आलेच होते म्हणून कौसामावशींकडे गेले. त्या ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या. माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाल्या, "किती सुकी गयी वं पोर. तुन्ही माय तुले काही जेवू घालस का नुसती पुस्तकं?" मी पाणी प्यायला मागे गेले, आणि मोरीपाशी थबकले. तिथे लांब, पन्हाळीसारख्या पानांचा दाट गड्डा होता. डेलिली होती यात शंका नाही. पण पानांवरून जात सांगता येत नाही, हेही शास्त्रच आहे. फुलाचा मोसम नव्हता.

मी ओट्यावर आले आणि सुशिक्षित माणसासारखं सरळ विचारलं. "मावशी, ही क्वार्टरमधली आईची लिली आहे का? असेल तर त्यातला थोडा भाग द्याल का? आईला खूप आनंद होईल."

कौसामावशींचा चेहरा बदलला. मी जणू त्यांना भर लग्नात वय विचारलं होतं.

"लिली?" त्या म्हणाल्या. "नही वं माय. तुन्ही मायनी लिली मन्हाकडे कशी काय ई? ते असंच गवत शे."

मी खोकं उचललं. नाही म्हणजे नाही. त्या मात्र थांबल्या नाहीत. म्हातारपणी माणसं विषय सोडून बोलतात असं मला वाटलं, म्हणून मी मान हलवत ऐकत राहिले. "आते काय सांगू तुले, दुपारले जेवण झायं का माले असी झोप लागस, असी लागस, कोनी घर उचली लई गया तरी समजस नही. ओट्यावरच झोपस मी. मांगला दरवाजाले कडी बी नही शे. तुन्हा मावसा म्हनतस लावसू लावसू, पन कोठे लावतस. कुत्रं व्हतं, ते बी मरी गयं बिचारं. खुरपं मोरीजोडेच पडेल ऱ्हास. घरमा तरी कोन ऱ्हास, मावसा दुपारले पारवर, पोऱ्या ना सून दोन्ही नोकरीवर."

मी त्यांना झोपेची तक्रार डॉक्टरांना दाखवा असं सुचवलं, आणि दाराला कडी बसवून घ्या असंही. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "तू भलती शिकी गयी वं."

घरी येऊन मी आईला सांगितलं की कौसामावशींकडे ती लिली नाही. आईनं "बरं" म्हटलं आणि कपड्यांच्या घड्या घालू लागली. पुढे बरेच दिवस तिनं तळोद्याचं नावही काढलं नाही.

लागवडीला अण्णांनी मनावर घेतलं. ज्या माणसानं आयुष्यभर ऊसच लावून घेतला त्याला कोणतंही झाड हे थोडं आखूड राहिलेला ऊस वाटतं. मला वाफे करायचे होते, त्यांनी सरी पाडली. मी गड्डे उंचवट्यावर बसवले, त्यांनी महिनाभरात सगळ्यांना मातीची भर देऊन पक्की बांधणी केली. "नही तं वारामा लोळई जाई," ते म्हणाले. गुडघ्याएवढं झाड वाऱ्यात कसं लोळणार, हे मी विचारलं. त्यांनी पाटाचं पाणी सोडलं. बांधणीखाली एक जात कुजून मेली. जिवंत राहिलेल्या सहा जातींच्या नावांच्या पांढऱ्या पाट्या मी रोवल्या आणि प्रत्येकीची नोंद सुरू केली.

शेजारचे झिपरूनाना निवृत्त ग्रामसेवक आहेत आणि रोज सकाळी फिरायला जाताना एका हातात आकडी आणि दुसऱ्या हातात पिशवी नेतात. गल्लीतल्या सगळ्या कुंपणांबाहेर आलेली, आणि न आलेलीही, फुलं देवाची आहेत अशी त्यांची श्रद्धा आहे. मे महिन्यात पहिली डेलिली उमलली. मी पट्टी आणायला घरात गेले, बाहेर आले तर फूल नाही. ज्या फुलाचं आयुष्यच एक दिवसाचं, त्याची सकाळ चुकली म्हणजे सगळंच चुकलं.

"नाना, ते प्रयोगाचं फूल होतं."

"देवले चढी गयं," नाना म्हणाले. "तुन्हं मोजमाप संध्याकायले कर ना."

"संध्याकाळी ते मिटतं."

"मंग त्याना अर्थ देव तुन्हापेक्षा येळेवर उठस."

शेवटी तडजोड झाली. माझं मोजमाप होईपर्यंत नानांनी हात लावायचा नाही. त्याचा परिणाम असा झाला की नाना रोज कुंपणाला टेकून मोजमाप संपायची वाट पाहू लागले, मग सूचना करू लागले, आणि मग त्यांनी नावं बदलली. सनसेट डचेसचं आमरसवाली झालं. गर्द काळपट लाल मिडनाइट वेल्वेट मळीवाली, लहान पिवळ्या फुलांचा लिटल बिशप बुंदीवाला. आठ दिवसांत गल्लीतल्या बायका येऊन विचारू लागल्या, "आज बुंदीवाला उमलना का?" माझ्या पाट्यांकडे कोणी पाहीना.

सगळ्या सहा जाती एकदम फुललेल्या सकाळी मी ओळखपरेड घेतली. नाना पंच म्हणून खुर्ची घेऊन आले. अण्णांनी सरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, शेतकऱ्याचा प्लॉट पाहावा तसं हात मागे बांधून चालत जाऊन मळीवालीकडे बोट दाखवलं. "हाईच. तांबडी." मी आमरसवालीला मत दिलं. घशाशी पिवळी होती, माझ्या म्हणण्याप्रमाणे. मग आई आली. ती पदर खोचून प्रत्येक फुलासमोर थांबली. एकदा तर वाकून तिनं वास घेतला, ज्याला शास्त्रीय दृष्ट्या काही अर्थ नव्हता कारण त्या लिलीला वास नव्हताच.

"चांगली शेतस," ती म्हणाली. "पन ती नही."

"मळीवाली दख ना नीट," अण्णा म्हणाले.

"दखी ना. आपली इतली शानदार नव्हती." तिनं खोचलेला पदर सोडला. "आपली साधी व्हती."

नानांनी निकाल जाहीर केला नाही. खुर्ची उचलून ते गेले, जाताना फुलंही तोडली नाहीत. मी वही मिटली. सहा महिन्यांच्या नोंदींचा निष्कर्ष दोन शब्दांत आला होता.

दुपारी आई भांडी घासताना सहज म्हणाली, "तू तळोदाले गयी व्हती तव्हय कौसाबाई तुले काय म्हननी? जशीनतशी सांग."

माझी स्मरणशक्ती चांगली आहे. मी सगळं सांगितलं, झोप, कडी, मेलेलं कुत्रं, मोरीजवळचं खुरपं. आईच्या हातातलं भांडं खाली आलं. ती हसायला लागली. क्वार्टर सोडल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं, मागे टेकून, राखेचा हात तोंडावर ठेवून.

"येडी वं तू. तिनी तुले येळ सांगी दिधी, दरवाजा सांगा, खुरपं सांगं. आते काय टेम्पो बी करी देई का ती?"

"पण त्या नाही म्हणाल्या."

"तू मांगं ना तिले," आई म्हणाली. "मांगावर कोन हो म्हनस?" क्वार्टरमधल्या लिलीचा एक गड्डा मावशींनीही कधीतरी कायद्याप्रमाणेच नेला होता, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बसनं तळोद्याला निघालो. आई ठेवणीतलं लुगडं नेसली होती, हातात ओलं पोतं होतं. मी म्हटलं, चोरीला जाताना एवढं? तर म्हणाली, "बीस वरीसनी ओळख शे." अण्णांनी पुढच्या गल्लीत राखणीला उभं राहायचं ठरलं.

कौसामावशी ओट्यावर खाटेवर झोपल्या होत्या. मागचं दार उघडं होतं. खुरपं मोरीजवळ होतं, धुतलेलं. शिवाय गड्ड्याभोवतीची माती कोणीतरी नुकतीच, आणि बहुधा माझ्या भेटीपासून रोजच, भिजवून मऊ केली होती. आणि गड्ड्यावर फुलं होती.

ती केशरी होती. तांबूस झाक असलेली केशरी, आणि घशाशी पिवळी. म्हणजे आम्ही तिघंही बरोबर होतो, आणि हे तिघांनीही नंतर स्वतःचा विजय म्हणून मिरवलं. माझ्या लक्षात मात्र लगेच आलं की ही डेलिलीतली सर्वांत साधी जात, नर्सरीवाले जिला यादीतही घेत नाहीत. मी ते बोलले नाही. आई मोरीपाशी उकिडवी बसली आणि फुलं मोजू लागली. "चार शेतस," ती हळूच म्हणाली.

मी खुरपं मारलं तोच पलीकडच्या अंगणातून आवाज आला. भुरीबाई नावाची शेजारीण. त्या तळोद्याच्या, कारखान्याच्या वसाहतीत कधी राहिलेल्या नाहीत. त्यांना आमचा कायदा कसा माहीत असणार.

"ओ बाई, कोन तुम्ही? कौसाबाई, ऊठ वं, तुन्हं झाड खंदी ऱ्हायनात."

कौसामावशी घोरू लागल्या.

भुरीबाई ओट्यापाशी आल्या. त्यांनी खाट हलवली. कौसामावशी आणखी मोठ्यानं घोरू लागल्या. मी भुरीबाईंना समजावून सांगू लागले की आम्ही घरचीच माणसं आहोत, तर त्या म्हणाल्या, "घरना मानसं मांगना दारतून येतस का?" आवाज ऐकून चार जण जमले. त्यांच्याबरोबर अण्णाही आले, राखणदार म्हणून नव्हे, तर एका ऊस उत्पादकानं त्यांना ओळखून हाताला धरून आणलं म्हणून.

"रामराम साहेब. तुम्ही आठे कसा काय?"

अण्णांनी माझ्या हातातल्या गड्ड्याकडे, आईच्या पोत्याकडे आणि आकाशाकडे पाहिलं. "काही नही," ते म्हणाले. "बेणं पाहाले उनू."

बेणं म्हणताच सगळं शांत झालं. ऊसवाल्या साहेबानं लागवडीचं बेणं पाहायला येणं ही सरकारमान्य गोष्ट होती. माणसं पांगली. भुरीबाई मात्र दारात उभ्या राहिल्या, पुरावा म्हणून.

आता निघायचं. पण आई खाटेपाशी थांबली. इतक्या वर्षांनी मैत्रीण हाताच्या अंतरावर होती आणि तिला उठवता येत नव्हतं. चोरीच्या वेळी मालकीण जागी झाली तर रोप वाळतं. मी पुटपुटले, "आई, ते खरं नसतं, मी तपासलंय." आईनं माझ्याकडे पाहिलंही नाही. कौसामावशींचे डोळे घट्ट मिटलेले होते. मग त्यांनी झोपेत कूस बदलावी तसे पाय जरा भिंतीकडे घेतले. खाटेवर एका माणसापुरती जागा झाली.

आई बसली. ओलं पोतं मांडीवर घेऊन. घोरणं थांबलं होतं. एकदा आईनं मावशींच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि जरा दाबला, जिथे दुखतं तिथे. मग ती उठली.

"किती गाढ झोपस वं हाई बाई," ती भुरीबाईंना ऐकू जाईल असं म्हणाली, आणि आम्ही निघालो.

लिली आमच्या मोरीपाशी लागली. ती लागणारच होती. या जातीला बी धरत नाही. तिच्या गुणसूत्रांची जोडी नीट जुळत नाही, त्यामुळे ती वाऱ्यानं पसरत नाही की पाखरांनी. जिथे जिथे ती उगवलेली दिसते तिथे तिला कोणाच्या तरी हातानं नेलेलं असतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. आई आता सकाळी भांडी घासायला मागे बसते, फुलं मोजते आणि तळोद्याला फोन करून आकडा सांगते. फोन भांडी घासत चालतो, मोठ्या आवाजावर ठेवून. त्यामुळे तो आता बराच वेळ चालतो.

माझ्या प्रयोगाचा शेवट अण्णांनी केला. फुलं संपली तेव्हा मी पूर्वपरीक्षेसाठी चार दिवस धुळ्याला होते. परत आले तर सहाही जाती जमिनीलगत छाटलेल्या, पानं सरीत दाबलेली. पीक निघालं, आता खोडवा राखायचा, त्याच बुडख्यांवर दुसरं पीक घ्यायचं, असा अण्णांचा हिशेब. एवढ्यावर भागलं असतं, कारण सरीचा नकाशा माझ्याकडे होता. पण मेलेल्या जातीची जागा मोकळी दिसते म्हणून त्यांनी नांग्याही भरल्या होत्या, म्हणजे इकडचे गड्डे उचलून तिकडे लावले होते. कोणता कुठला, त्यांनाही आठवेना. पाट्या मात्र त्यांनी धुऊन, पुसून, रबर लावून मला दिल्या. "एकबी हरावू दिधी नही," ते म्हणाले.

श्रावणात एका दुपारी मी लायब्ररीतून घरी आले. दार उघडं होतं. ओट्यावर चहाचे दोन रिकामे कप होते, आणि ताटलीत शेवेचा चुरा. आई खाटेवर झोपली होती. माझी आई दुपारी कधीच झोपत नाही.

मी मागे गेले. मोरीपाशी खुरपं होतं, धुतलेलं. सरीत एका ठिकाणी ताजा खड्डा होता. सहातली एक जात नाहीशी झाली होती.

"आई, कौसामावशी आल्या होत्या?"

"माले काय माहीत," आई डोळे न उघडता म्हणाली. "मी झोपेल व्हतू."

कोणती गेली हे मला सांगता येत नाही. छाटलेल्या डेलिलीत आमरसवाली आणि मळीवाली सारख्याच दिसतात. आता ते उन्हाळ्यात, तळोद्याला ती फुलल्यावरच कळेल. नोंद पूर्ण करायची तर मला तिथे जाऊन पाहावं लागणार, आणि मागच्या दारानं जावं लागणार. विचारायचं नाही, एवढं मात्र आता माझ्या लक्षात राहील.